ग्रहणाचे पुण्य आणि ग्रहणाचे ज्ञान

(लातूर व नांदेड येथे दिलेल्या व्याख्यानांचे एकत्रित शब्दांकन)



'प्राचीन काळातील खग्रास सूर्यग्रहण' हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा त्यांची अपेक्षा काय असेल, हे मी ओळखले. प्रारंभ ऋग्वेदापासून व्हावा आणि अखेरीस आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते, असे ऐकून आपण समाधानाने घरी जावे. प्रारंभ मी ऋग्वेदापासूनच करणार आहे. अखेर मात्र कंधार तालुक्यातील एका घराच्या माजघरात होणार आहे, आणि ते घर माझे स्वतःचे आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातील चाळिसावे सूक्त अत्रिकुलाचे आहे. स्वर्भानू नावाच्या असुराने सूर्याला तमाने विद्ध केले, तेव्हा सारी सृष्टी, आपण कोठे उभे आहोत हेही न कळणाऱ्या वाटचुकल्या माणसासारखी गोंधळून गेली, असे तेथे वर्णन आहे. मग अत्रींनी त्या अंधारात दडलेला सूर्य शोधून काढला, आणि हे सामर्थ्य अत्रींवाचून दुसऱ्या कोणापाशी नव्हते, असेही ते सूक्त अभिमानाने सांगते. खंडग्रास ग्रहणात माणूस असा दिङ्मूढ होत नाही. सूर्याचा नव्वद टक्के भाग झाकला गेला, तरी उजेड पिवळसर, मलूल होतो इतकेच. दिवसाची रात्र होते, ती शेवटची कड नाहीशी झाल्यावरच. तेव्हा हे वर्णन ज्याने केले त्याने, किंवा त्याच्या पूर्वजांनी, खग्रास ग्रहण डोळ्यांनी पाहिले होते, असे मानण्यास भक्कम आधार आहे.

ते ग्रहण केव्हाचे? प्रबोधचंद्र सेनगुप्त यांनी गणित करून इसवी सनापूर्वी ३९२८ मधील २६ जुलै हा दिवस सुचविला होता. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम केलेले मयंक वाहिया आणि जपानचे मित्सुरू सोमा यांनी इसवी सनापूर्वी ४२०२ मधील २२ ऑक्टोबर किंवा ३८११ मधील १९ ऑक्टोबर, असे दोन दिवस पुढे ठेवले. वसंतसंपात मृगात असणे आणि ग्रहण शरदसंपाताच्या तीन दिवस आधी होणे, हे त्यांचे गृहीतक. मृगशीर्षाचा हा धागा लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्येच 'ओरायन' या ग्रंथात पकडला होता, हे आपणांस ठाऊक आहे.

मला हे संशोधन प्रिय आहे. तरीही एक गोष्ट आपल्या लक्षात आणून देणे माझे कर्तव्य आहे. विद्वानांनी काढलेल्या या तीन दिनांकांत जवळजवळ चारशे वर्षांचे अंतर आहे. म्हणजे हा वाद चालू आहे, निकाल लागलेला नाही. त्याच सूक्तात अत्रींनी 'तुरीय' म्हणजे चौथ्या ब्रह्माच्या योगे सूर्य शोधला, असा उल्लेख आहे. पुढे हजारो वर्षांनी ज्योतिषग्रंथांत 'तुरीय यंत्र' हे वर्तुळाच्या चतुर्थांशाचे कोनमापक यंत्र येते. या दोन शब्दांची मोट बांधून, अत्रींपाशी दुर्बीण होती, असे सांगणारे संदेश माझ्या भ्रमणध्वनीवर दर ग्रहणाला येतात. पाठवणारे बहुधा आपल्यापैकीच असतात. अत्रींचा गौरव करण्यासाठी त्यांच्या हाती खोटी दुर्बीण देण्याची काहीएक गरज नाही.

आता थोडे गणिताकडे वळू. मी गणिताचा शिक्षक होतो, तेव्हा हे मला टाळता येणार नाही.

चंद्राचा व्यास सूर्याच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका आहे आणि योगायोग असा की, चंद्र सूर्यापेक्षा सुमारे चारशे पटींनी आपल्या जवळ आहे. म्हणून दोन्ही बिंबे आकाशात जवळजवळ सारखीच दिसतात आणि एकाने दुसऱ्याला नेमके झाकावे, हा चमत्कार घडतो. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी पाच अंशांहून किंचित अधिक कललेली आहे. त्या दोन मार्गांचे छेदनबिंदू म्हणजे पात, आणि पुढील ज्योतिष्यांनी यांनाच राहू-केतू म्हटले. अमावास्येला चंद्र पाताजवळ असेल, तरच सूर्यग्रहण. चंद्राची गडद सावली पृथ्वीवरून एका अरुंद पट्ट्यातून धावत जाते, म्हणून एका ठरावीक गावाच्या वाट्याला खग्रास ग्रहण सरासरीने पावणेचारशे वर्षांतून एकदाच येते. पंधरा पिढ्यांतून एकदा, असे समजा. पणजोबांनी पाहिले असेल, असे म्हणण्याचीही सोय नाही. जे लिहून ठेवले, तेच उरते.

आणि येथेच एक विलक्षण गोष्ट आहे. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा वेग स्थिर नाही. चंद्रामुळे समुद्राला भरती-ओहोटी येते आणि तिच्या घर्षणाने पृथ्वी किंचित मंदावत चालली आहे. दिवस शतकाला दोन मिलिसेकंदांहूनही कमी इतका लांबतो. ऐकताना हे अगदी नगण्य वाटते. परंतु दररोजचा हा फरक साठत जातो. दोन हजार वर्षांमागे गेलो की घड्याळ सुमारे तीन तासांनी चुकते. इसवी सनापूर्वी १३६ मध्ये १५ एप्रिल रोजी बॅबिलोन नगरात खग्रास ग्रहण झाले. तेथील निरीक्षकांनी मातीच्या पाटीवर सूर्योदयानंतरची वेळ टिपली, आणि बुध, शुक्र, गुरू, मंगळ दिवसा दिसले, हेही टिपले. पृथ्वी आजच्याच वेगाने फिरत होती असे धरून गणित केले, तर ती सावली बॅबिलोनच्या सुमारे ४९ अंश पश्चिमेला पडायला हवी होती. ती बॅबिलोनवर पडली, कारण मधल्या काळात पृथ्वी मंदावली. एका अनाम लेखनिकाच्या चार ओळींनी पृथ्वीची नाडी मोजता आली. ऋग्वेदकाळापर्यंत हा फरक एका दिवसाहूनही मोठा होतो आणि त्यातील अनिश्चितता काही तासांची राहते. त्यामुळे त्या ग्रहणाची सावली नेमकी कोणत्या भूमीवरून गेली, हे सांगताना शहाण्या माणसाने जपून बोलावे.

मग असे लिहिणारे आपल्याकडे कोणी होते का? होते. आणि तो शोध आपल्याला आपल्याच अंगणात आणतो.

राष्ट्रकूट सम्राट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. लट्टलूर म्हणजे आपले लातूर. कंधार हे त्यांच्या वैभवाचे नगर. गोविंद तिसऱ्याचे 'जगत्तुंग' हे बिरुद कंधारच्या जगत्तुंग सागराने आजही जिवंत ठेवले आहे. या गोविंद तिसऱ्याचा पैठण येथे सापडलेला ताम्रपट शके ७१६ चा, म्हणजे इसवी सन ७९४ चा आहे. दानाचा प्रसंग वैशाख अमावास्येचे सूर्यग्रहण. त्याचाच राधनपूरचा ताम्रपट ८०८ चा. प्रसंग श्रावण अमावास्येचे सूर्यग्रहण. त्याआधीचे उदाहरण पट्टदकलच्या स्तंभलेखाचे. चालुक्य कीर्तिवर्मा दुसरा अजून नावाने राजा होता आणि लट्टलूरचा दंतिदुर्ग त्याची सत्ता ओढून घेत होता, त्या धामधुमीतील हा लेख खग्रास सूर्यग्रहणाचा निर्देश करतो. गणिताने तो दिवस २५ जून ७५४ असा निघतो. एक साम्राज्य मावळत होते, दुसरे उगवत होते, आणि त्याच सुमारास सूर्य झाकोळला. कादंबरीकारांनी अजून हा प्रसंग हाती घेतला नाही, याचे मला नवल वाटते.

इतिहासकारांवर या लेखांचे फार मोठे उपकार आहेत. राजांच्या कारकिर्दींची वर्षे पक्की झाली, ती पुष्कळ अंशी या ग्रहणांमुळे. तिथी लिहिताना लेखनिक चुकू शकतो, शकाचा अंक पुसट होऊ शकतो. ग्रहण मात्र पडताळून पाहता येते. फ्लीटसारखा इंग्रज पुराभिलेखज्ञ जेव्हा गुप्तकालीन लेखांच्या तिथींशी झगडत होता, तेव्हा त्याला गणित करून दिले ते शंकर बाळकृष्ण दीक्षित या कोकणातील मुरूडच्या मराठी शिक्षकाने. १८९६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ ज्या घरात आहे, त्या घराला मी श्रीमंत घर मानतो.

परंतु बंधूंनो, या ताम्रपटांत काय नाही, तेही पाहा. दान घेणाऱ्याचे गोत्र आहे, शाखा आहे, पित्याचे नाव आहे. गावाच्या चारही सीमा आहेत, पूर्वेला कोणते गाव, पश्चिमेला कोणती नदी. दान हिरावून घेणाऱ्याला साठ हजार वर्षे विष्ठेतील कृमी होण्याचा शाप आहे. पण सूर्य किती झाकला गेला, किती वेळ झाकला, कोणत्या घटिकेला स्पर्श झाला, तारे दिसले की नाही, पक्षी घरट्यांकडे परतले का, यांविषयी एक शब्द नाही. इतकेच काय, काही लेखांत उल्लेखिलेली ग्रहणे भारतातून दिसलीच नव्हती, असे गणित सांगते. म्हणजे पंचांगकर्त्याने अमावास्या पाताजवळ आहे हे पाहून ग्रहण सांगितले, राजाने उदक सोडले, आणि आकाशाकडे पाहण्याचे कोणाला कारणच उरले नाही. आपण पुण्याची नोंद ठेवली. पाहिल्याची ठेवली नाही. बॅबिलोनच्या त्या पाटीसारखी एक ओळ जरी पैठणच्या ताम्रपटात असती, तरी आज जगभरातील ज्योतिर्विद गोविंद तिसऱ्याचे नाव घेत राहिले असते.

हे मी निंदा म्हणून सांगत नाही. याची दुसरी बाजू तितकीच उज्ज्वल आहे. न पाहता ग्रहण सांगता येणे, ही केवढी सिद्धी आहे! चंद्रग्रहण ज्याला ज्याला दिसते, त्याला ते सारखेच दिसते. सूर्यग्रहणाचे तसे नाही. चंद्र जवळ असल्याने पाहणाऱ्याचे स्थान बदलले की त्याची जागाही सरकते. त्यासाठी आपल्या गणितज्ञांनी लंबन आणि नती हे दोन संस्कार सिद्ध केले. त्यांना आपल्या गावचा अक्षांश ठाऊक असणे भाग होते, आणि तो काढायला लागे बारा अंगुळांचा शंकू आणि सपाट जमीन. विषुवदिनी मध्यान्ही त्या शंकूची जी सावली पडते, ती त्या गावची पलभा. लातूरची पलभा येते जवळजवळ नेमकी चार अंगुळे. नांदेडची चार अंगुळांहून किंचित अधिक. येत्या विषुवदिनी आपल्या गच्चीवर मोजून पाहा. दोन्ही शहरांच्या अक्षांशांतील पाऊण अंशाचा फरक अंगुळाच्या सुमारे सहाव्या भागाएवढ्या सावलीत सामावलेला आपल्याला सापडेल.

आणि हे गणित कोणा परक्याचे नाही. गोदावरीच्या काठचा अश्मक देश म्हणजे स्थूलमानाने आपलाच प्रदेश. त्याची राजधानी पोतन म्हणजे नांदेडहून फार दूर नसलेले बोधन, असे अनेक इतिहासकार मानतात. इसवी सन ४७६ मध्ये जन्मलेल्या आर्यभटाने वयाच्या तेविसाव्या वर्षी आपला ग्रंथ रचला, त्याचे कार्यक्षेत्र कुसुमपूर, म्हणजे पाटणा. पण ६२९ मध्ये त्याच्यावर भाष्य लिहिणारा पहिला भास्कर त्याच्या ग्रंथाला 'आश्मकतंत्र' म्हणतो, आणि केरळचा नीलकंठ त्याचा जन्म अश्मकातला सांगतो. पृथ्वी फिरते, हे म्हणणारा हाच. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते, हे एका ओळीत सांगून मोकळा होणाराही हाच. पुढे गोदातीरीच्या पार्थपुरात, आजच्या पाथरीत, ज्ञानराजाने १५०३ मध्ये 'सिद्धान्तसुंदर' रचला. जवळच्या गोळग्रामातील दिवाकराचे घराणे काशीस गेले आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांनी ज्योतिषावर इतके लिहिले की एक लहानसे ग्रंथालय भरावे; १६५८ मध्ये 'सिद्धान्ततत्त्वविवेक' लिहिणारा कमलाकर याच कुळातला. आपण मराठवाड्याचे लोक मागासलेपणाची गाऱ्हाणी सांगण्यात इतके गुंतलो आहोत की ही नावे आपल्या मुलांना शाळेत कानांवरूनही जात नाहीत.

आता मी त्या गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी मी हे व्याख्यान स्वीकारले.

आर्यभटाने सत्य सांगितले. ग्रहणाचे गणित करणाऱ्या प्रत्येकाला ते पटलेले होते, कारण त्याखेरीज गणित जमतच नाही. पण सांगायचे कोणाला? ब्रह्मगुप्त हा केवढा मोठा गणिती. ६२८ मध्ये त्याने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' रचला. ग्रहणाचे गणित तो चंद्राच्या बिंबावरून आणि पृथ्वीच्या सावलीवरूनच करतो. आणि त्याच ग्रंथात, राहूचे मत नाकारणे हे श्रुतिस्मृतींच्या विरुद्ध आहे, असे बजावून तो आर्यभट, वराहमिहिर यांना दोष देतो. अकराव्या शतकात अल्बेरूनी हे वाचून चकित झाला. इतका बुद्धिमान मनुष्य असे का लिहितो? सॉक्रेटिसावर जो प्रसंग आला, तो टाळण्यासाठी तर त्याने हे लिहिले नसेल, अशी शंका त्याने नोंदवली आहे. परकीयाने, त्यातून गझनीच्या महमुदाच्या पदरी राहिलेल्याने, आमच्या आचार्यांवर शेरा मारावा, हे वाचून माझेही रक्त तापले होते. पण मूळ ग्रंथ पाहिला आणि गप्प बसलो.

याच्या उलट लल्लाचार्य. त्यांनी आपल्या ग्रंथात चुकीच्या समजुतींच्या खंडनासाठी स्वतंत्र अध्यायच लिहिला. राहू जर आपल्या इच्छेने गिळणारा असुर असेल, तर त्याच्या येण्याची वेळ गणिताने आधी कशी कळते, हा त्यांच्या विचाराचा गाभा आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त मधला मार्ग काढला. स्पर्श कोणत्या दिशेने, मोक्ष कोणत्या दिशेने, सूर्याचे आणि चंद्राचे ग्रहण यांत फरक का, हे सारे स्वच्छ मांडले आणि शेवटी, ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या सावलीत शिरतो असे समजावे, म्हणजे वेद-पुराणांशीही विरोध राहत नाही, असे म्हटले. मला भास्कराचार्यांचा राग येत नाही. त्यांना समाजाला बरोबर घेऊन चालायचे होते. पण समाज त्या मधल्या मार्गावर थांबला तो थांबलाच, हेही खरे.

१६ फेब्रुवारी १९८० रोजी दुपारी जे खग्रास ग्रहण झाले, त्याचा पट्टा कारवार, हुबळी, रायचूर असा तिरपा जाऊन ओडिशात निघाला. आपल्याकडे ते खग्रास नव्हते, पण बरेच मोठे होते. मी तेव्हा एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवीत होतो. पत्नीला सातवा महिना होता. आम्ही कंधार तालुक्यात, गावच्या घरी होतो. आईने पहाटेच घरातील पाणी झाकले, सर्वांवर तुळशीपत्रे ठेवली आणि सुनेला माजघरात पाटावर भिंतीला टेकवून बसवले. चिरायचे नाही, शिवायचे नाही, पाय मुडपायचा नाही, आणि वेध लागले असल्याने पाण्याचा थेंब नाही. बाहेरून 'दे दान, सुटे गिऱ्हाण' ही आरोळी येत होती. मराठवाड्यातील माघातली दुपार कशी असते, हे आपणांस सांगायला नको. पत्नीने दोनदा पाणी मागितले. मी अंगणात होतो, मला ऐकू आले.

मला सर्व ठाऊक होते. आदल्याच आठवड्यात चंद्राची सावली कशी पडते, हे मी फळ्यावर आकृती काढून मुलांना शिकवले होते. इतकेच नव्हे, धर्मशास्त्रानेही बाल, वृद्ध आणि आतुर यांना वेधात सवलत दिली आहे, हेही मी वाचले होते. म्हणजे विज्ञान माझ्या बाजूने होते आणि शास्त्रही. मी बोललो नाही. आईचे मन मोडेल, शेजारी नावे ठेवतील, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, अशी मी स्वतःची समजूत काढली. ग्रहण सुटल्यावर स्नानासाठी उठताना पत्नीला घेरी आली आणि ती उंबऱ्यावर पडली. देवाच्या कृपेने दोघींना काही झाले नाही. पुढे वैशाखात मुलगी झाली.

ब्रह्मगुप्ताचा विचार करताना मला ती दुपार आठवते. त्याला कदाचित राजाचे भय असेल. मला कोणाचे होते?

आणखी एक गोष्ट सांगतो. घरात दारे लावून दडून बसणे, ही आपली परंपराच नव्हे. शास्त्राने ग्रहणात नदीवर जायला सांगितले, स्नान, जप, दान सांगितले. कुरुक्षेत्रावर लाखो लोक उघड्या आकाशाखाली जमत आले आहेत, नांदेडला गोदावरीच्या घाटावरही माणसे जातात. परंपरा मोडतो म्हणून ज्याला आपण भितो, ते पुष्कळदा शेजारणीकडून ऐकलेले असते.

पंधरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ ला, दिवाळीतच ग्रहण आले. खग्रास पट्टा राजस्थानातून बंगालकडे गेला. आपल्याकडे सकाळी खंडग्रास. माझी तीच मुलगी पंधरा वर्षांची झाली होती. तिने पोस्टकार्डाला टाचणीने भोक पाडले आणि भिंतीवर सूर्याची लहानशी प्रतिमा पाडली. नंतर तिने आजीला हाताला धरून अंगणातल्या लिंबाखाली नेले. पानांच्या फटींतून जमिनीवर नेहमी जे गोल कवडसे पडतात, ते त्या दिवशी सारे चंद्रकोरीसारखे झाले होते. शेकडो कोरी, सारवलेल्या अंगणात. आई किती तरी वेळ पाहत उभी राहिली. मग तिने मला हाक मारली आणि विचारले, "हे तुला तव्हा ठाव व्हतं?"

मी म्हणालो, "होतं."

"मंग बोलला काहून न्हाईस?"

आई आता नाही. त्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिले नाही, आजही माझ्यापाशी नाही.

मी आपल्याकडे मागणे करायला आलो आहे, ते लहानसे आहे. पाहण्याची आणि लिहिण्याची परंपराही आपलीच आहे, ती आपण पुन्हा उचलावी. कोकणातील नांदगावच्या केशव दैवज्ञाने जुन्या ग्रंथांची गणिते आकाशाशी ताडून पाहिली, ती जमत नाहीत हे उघड लिहिले, आणि पुढील गणितज्ञांनी ग्रहणे पाहून पुन्हा दुरुस्ती करावी, असेही लिहिले. त्याचा पुत्र गणेश याने १५२० मध्ये 'ग्रहलाघव' रचला आणि महाराष्ट्राची पंचांगे पुढे शतकानुशतके त्यावर चालली. केरळच्या परमेश्वराने तर अनेक वर्षे ग्रहणे पाहून १४३१ मध्ये 'दृग्गणित' सिद्ध केले. दृक् म्हणजे डोळा, हे नावातच आले. पुढे २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण महाराष्ट्रावरून गेले, तेव्हा पुण्याचे प्राध्यापक कावसजी नाएगमवाला सोलापूरकडील जेऊरला तळ ठोकून बसले होते. अमेरिकेहून आलेली मंडळीही तेथेच होती, आणि इंग्लंडमधील काही वऱ्हाडाच्या पलीकडे पुलगावला. नकाशावर जेऊर आणि पुलगाव जोडणारी रेघ ओढा. ती बीड-परभणीच्या बाजूने मराठवाड्यातूनच जाते. त्या पट्ट्यातील गावांत त्या दुपारी कोणी काही लिहून ठेवले का, हे मी अनेक जुन्या घरांतून विचारले. जन्मपत्रिका मिळाल्या, दानाच्या याद्या मिळाल्या.

२ ऑगस्ट २०२७ रोजी स्पेन, उत्तर आफ्रिका, अरबस्तान या प्रदेशांवरून फार मोठे खग्रास ग्रहण जाणार आहे; इजिप्तमधील लक्झरजवळ सूर्य सहा मिनिटांहून अधिक काळ झाकलेला राहील. महाराष्ट्रातून ते दुपारनंतर, पश्चिमेकडे, लहानसे खंडग्रास दिसेल. श्रावणाच्या तोंडावरचे दिवस, ढग असण्याचीच शक्यता अधिक. तरीही कंधारला जगत्तुंग सागराच्या काठी जमावे, असे आम्ही काही निवृत्त शिक्षकांनी ठरवले आहे. लातूर-नांदेडच्या ज्या शाळांना मुले पाठवायची असतील, त्यांनी पाठवावीत. ग्रहणासाठी बनवलेले प्रमाणित चष्मे आणावेत. क्ष-किरणांची जुनी फिल्म, काजळी धरलेली काच यांतून कोणीही पाहू नये, डोळे कायमचे जातात. चष्मा नसेल, त्याने पोस्टकार्ड आणि टाचणी आणावी. प्रत्येकाला एक कागद मिळेल. त्यावर स्थळ, स्पर्शाची वेळ, सूर्य किती झाकला, ढग कोणत्या दिशेला, पाखरांनी काय केले, एवढेच भरायचे. ढगांमुळे काहीच दिसले नाही, तर तसेच लिहायचे. ज्या घरांत गरोदर सुना असतील, त्यांनाही आणावे. पाण्याची सोय केलेली आहे.